सरासरीत न मावणारा पाऊस

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. पाऊणशे वर्षांत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. भुयारी मेट्रोच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, त्याची छायाचित्रे झळकली आणि दोन दिवस शहराच्या नालेसफाईची चर्चा रंगली. त्याच दिवसांत बीड, धाराशिव, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यापुढे निराळाच पेच उभा होता. नांगरून उन्हात तापत ठेवलेली जमीन पेरणीपूर्व मशागत पुरी होण्याआधीच चिंब झाली होती. वखराच्या पाळ्या राहिल्या होत्या आणि तण मात्र उगवू लागले होते. ओल पाहावी तर पेरणीजोगी, पंचांग पाहावे तर मृगाला अजून दहा-बारा दिवसांचा अवकाश, आणि कृषी विभागाचा सल्ला घाई न करण्याचा. ज्यांनी घाई केली नाही ते शहाणे ठरले. कारण मोसमी वारे मेअखेरीस राज्यातच अडखळले आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकले नाहीत. पुढे सप्टेंबरात याच पट्ट्यात अशी अतिवृष्टी झाली, की सीना नदीला महापूर आला, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले आणि नदीकाठच्या शेतांतील माती खरवडून निघाली.

वर्षअखेरच्या तक्त्यात या साऱ्याची नोंद एका ओळीत होते : मराठवाड्यात सरासरीपेक्षा बराच अधिक पाऊस. तक्ता खोटा नाही. परंतु पाऊस किती पडला या प्रश्नाला दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. तो कधी पडला, किती दिवसांत पडला आणि दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे गेले, यावर त्याचे वर्ष ठरते. हवामान बदल नावाची गोष्ट त्याच्या बांधावर येते ती तापमानातील अंशांच्या वाढीच्या रूपाने नव्हे. आजोबांपासून चालत आलेला काळाचा हिशेब चुकू लागतो, या रूपाने येते. आणि आपली सरकारी मोजमापे, भरपाईचे निकष, विमा हे सारे अजूनही मुख्यतः एकूण बेरजेच्या भाषेत बोलतात. या दोहोंमधील अंतर समजून घेतल्याशिवाय कोरडवाहू शेतीचे आजचे दुखणे कळणार नाही.

सह्याद्रीने अडवलेला पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पलीकडचा प्रदेश पर्जन्यछायेत राहतो, हे शाळेत आपण सर्वांनीच वाचलेले असते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. माण-खटावपासून आटपाडी, सांगोला, करमाळा, आष्टी, भूम-परांड्यापर्यंतचा हा पट्टा पिढ्यान्पिढ्या अवर्षणप्रवणच आहे. तेव्हा येथील प्रत्येक दुष्काळ हवामान बदलाच्या खात्यावर टाकणे योग्य होणार नाही. १९७२ चा दुष्काळ आणि त्याआधीचा १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ यांच्या आठवणी या भागाच्या रक्तात आहेत. राज्यातील लागवडीखालील सुमारे ८० टक्के क्षेत्र आजही पावसावर अवलंबून आहे, हेही हवामान बदलाचे फळ नाही. ते आपल्या भूगोलाचे आणि काही अंशी सिंचनाच्या राजकारणाचे फळ आहे. बदलली आहे ती अनिश्चिततेची जात. आणि ती बदलत असतानाच ती झेलणारे खांदे अरुंद होत गेले. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. राज्यातील सुमारे ८० टक्के खातेदारांकडे आता दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन आहे.

काळाचा हिशेब म्हणजे काय, हे शहरी वाचकासाठी थोडे उलगडून सांगायला हवे. आपला शेतकरी पाऊस महिन्यांनी मोजत नाही, नक्षत्रांनी मोजतो. ७ जूनच्या सुमारास लागणारे मृग, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरच्या शेवटी हत्ती, म्हणजे हस्त. साधारण तेरा-चौदा दिवसांचे हे एकेक घर. कोणत्या घरात कोणते काम, हे ठरलेले. मृगात मूग-उडीद पेरावा, तो सत्तर-पंचाहत्तर दिवसांत पोळ्याच्या आगेमागे निघावा, मोकळ्या झालेल्या रानात उत्तरा-हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पडावी. या गणितात खरिपाचा पाऊस पिकाला आणि परतीचा पाऊस जमिनीच्या पोटात अशी वाटणी होती. मंगळवेढ्याची ज्वारी, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेले मालदांडी हे वाण, या गोष्टी त्याच वाटणीतून जन्मल्या. हे पीक वरच्या पाण्याची फारशी अपेक्षा न धरता खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढते आणि माणसाला धान्य व जनावराला कडबा देऊन जाते.

(नक्षत्रांचे पंचांग ऋतूंपासून सरकत आहे, म्हणून हा घोळ, असेही कधी कधी ऐकू येते. ते सरकते हे खरे आहे; पण सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस, इतक्या संथपणे. तीन-तीन आठवड्यांच्या उलथापालथीचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.)

आता सरकारी पंचांगही बदलले आहे, ही गोष्ट फारशा लोकांच्या ध्यानात आलेली नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतील आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच राहिली. परतीची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. वायव्य भारतातून परतीचा प्रवास पूर्वी १ सप्टेंबरला सुरू होई असे मानत. आता १७ सप्टेंबर मानतात. शहरात याचा अर्थ नवरात्रात छत्री लागेल, एवढाच. सोयाबीन लावणाऱ्याच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, ते पाहू.

सोयाबीनचे पीक साधारण पंचाण्णव ते एकशे पाच दिवसांचे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरले, की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा ही त्याची काढणी. जुन्या पंचांगात तोवर आकाश निवळलेले असे. आता नेमक्या त्याच दिवसांत पाऊस असण्याचा संभव वाढला आहे. पिकलेल्या शेंगांवर तीन-चार दिवस पाऊस लागला, की उभ्या झाडावर दाण्याला कोंब फुटतो. कापून ढीग घातला असेल तर बुरशी लागते, दाणा काळा पडतो. महाराष्ट्रात सोयाबीन पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास पसरले आहे आणि त्यातील फार मोठा वाटा विदर्भ-मराठवाड्यातील लहान शेतकऱ्यांचा आहे. रोख पैसा देणारे, काढणीला सोपे म्हणून त्यांनी ते स्वीकारले. त्याची काढणी आणि पावसाची परती एकमेकांवर येतील, हे तेव्हा कोणाच्या गणितात नव्हते.

त्यातूनही एक साखळी सुरू होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात राज्यभर अवकाळी पावसाने सोयाबीन भिजले. बियाण्यासाठी राखलेला दाणाही त्यातून सुटला नाही. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. एकदा भिजून वाळलेल्या दाण्याची उगवणशक्ती घटते. परिणामी २०२० च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर येऊनही मराठवाड्यात हजारो शेतकऱ्यांचे सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारींचा ढीग पडला, पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. बियाणे पुरवणाऱ्यांच्या जबाबदारीचा प्रश्न त्यात होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका वर्षाच्या परतीच्या पावसाने दुसऱ्या वर्षीची पेरणी कशी गिळली, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. दुबार पेरणीचा खर्च ज्याने केला, त्याच्या वहीत तो २०२० चा खर्च म्हणून लिहिला गेला. नुकसान २०१९ मध्येच झाले होते.

हंगामाच्या शेवटी पाऊस नको तेव्हा येतो. हंगामाच्या मध्यावर हवा तेव्हा येत नाही. पावसाचा खंड हा शब्द वृत्तपत्रांतून नेहमी वाचायला मिळतो, पण त्याचे मर्म जमिनीच्या खोलीत आहे. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. खाली लगेच मुरूम लागणारी वीतभर खोलीची बरड जमीन तीस-चाळीस मिलिमीटरच धरते. ऑगस्टच्या उघडिपीत उभे पीक आणि जमीन मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जाते. ढोबळ हिशेब केला, तरी बरड रानातील पीक आठ-दहा दिवसांत माना टाकते आणि खोल काळीतील पीक महिनाभर तग धरते. म्हणजे वीस दिवसांचा एकच खंड एकाला काळजी लावतो आणि दुसऱ्याला बुडवतो. आता गावातील खोल काळी कोणाकडे असते आणि माळाची बरड कोणाकडे, हे सांगण्याची गरज नाही. गायरानावर घाम गाळून रान तयार केलेल्या भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबांच्या वाट्याला तर सर्वांत उथळ जमीन आली. तिला सातबाराही नसतो, म्हणजे भरपाईच्या यादीत नावही नसते.

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातील हवामान बदलाचे मूल्यमापन करणारा अहवाल प्रसिद्ध केला. १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातील कोरड्या खंडांची वारंवारता २७ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात नमूद आहे. दुसऱ्या बाजूला, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडतात, असा प्रश्न साहजिक आहे. हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी हवा उघडिपीत जमिनीतून अधिक पाणी शोषते, आणि पावसाला अनुकूल परिस्थिती जुळली, की अधिक पाणी एकदम ओतते. म्हणजे खंड आणि कोसळ ही दोन संकटे एकाच कारणाची दोन तोंडे आहेत. त्यात एल निनोसारखे जुने खेळाडू आहेतच. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्यात एल निनोचा हात होता.

मराठवाड्यातील आणि विदर्भातील जुनी माणसे हे सारे एका वाक्यात सांगतात : आता झड लागत नाही. झड म्हणजे दोन-दोन, तीन-तीन दिवस संथपणे चालणारा भीज पाऊस. त्याने बाहेरची कामे बंद पडत, सरपण भिजे, जनावरे गोठ्यात अडकत. पण तोच जमिनीत मुरे, विहिरीचे झरे जिवंत करी. दख्खनचा काळा पाषाण पाणी साठवण्यात कंजूष आहे. त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून पाणी हळूहळूच खाली जाते. शंभर मिलिमीटरची झड आणि तीन तासांत पडलेले शंभर मिलिमीटर यांची पर्जन्यमापकातील नोंद एकच. परंतु पहिल्याने विहीर भरते आणि दुसऱ्याने ओढा भरून बांध फुटतो, वरची सुपीक माती वाहून जाते.

अनिश्चितता या शेतकऱ्याला नवी नव्हती, मग आताच तो इतका हतबल का, असे विचारले जाते. याचे उत्तर हवामानात नाही, गेल्या चाळीस वर्षांत त्याच्या हातून सुटलेल्या गोष्टींत आहे. बाजरीत तुरीचे पाटे, सोबत मटकी, हुलगा, थोडे तीळ, अंबाडी अशी मिश्र पेरणी ही मुळात विम्याचीच रीत होती. पाऊस लवकर गेला तर बाजरी हाती येई, उशिरा झाला तर तूर. सगळेच बुडाले असे सहसा होत नसे. ज्वारीच्या कडब्यावर बैलजोडी आणि दोन दुभती जनावरे पोसली जात; ती गरजेच्या वेळी बाजारात नेता येत. ज्वारी मागे पडली, तसा कडबा दुर्मीळ झाला. सोयाबीनच्या भुसकटावर बैल पोसला जात नाही. बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरने कष्ट वाचले यात शंका नाही. पण पाऊस उघडल्यानंतर जमीन ना चिखल ना कोरडी अशा अवस्थेत येते, तिला वाफसा म्हणतात, आणि पेरणी त्या वाफशावरच करावी लागते. हे दोन-तीन दिवस चुकले तर उगवण चुकते. घरची जोडी असलेला शेतकरी त्याच दिवशी पाभर जुंपत असे. आज भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी रांग असते, आणि रांगेत आधी पंधरा एकरवाल्याचा नंबर लागतो, दीड एकरवाल्याचा शेवटी. पावसाच्या दोन सरींमधील कामाजोगे दिवस कमी होत असताना ही रांग किती महाग पडते, हे पिकाच्या ओळींतील खाडे पाहिले की कळते.

याचा शेवटचा टप्पा गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर दिसतो. बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो लोक ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतली जाते. पूर्वी रब्बीची ज्वारी पेरून, घरी म्हाताऱ्यांच्या हवाली करून माणसे निघत. आता खरिपाची काढणी पावसाने लांबते, रान वेळेवर मोकळे होत नाही, आणि उचल तर घेतलेली असते. मग रब्बी पडीक राहते. कारखान्याचा भोंगा कोणासाठी थांबत नाही. गंमत अशी, की ज्या उसाला हे लोक तोडायला जातात, तोच ऊस दुष्काळी पट्ट्यातील धरणांचे आणि विहिरींचे पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हाही लातूर आणि शेजारच्या जिल्ह्यांत ऊस होता.

आता मोजमापांकडे वळू. ब्रिटिश काळापासून चालत आलेली आणेवारी, आजची पैसेवारी, हंगाम संपल्यावर पिकाचा अंदाज सांगते. पन्नास पैशांपेक्षा कमी आली, की टंचाई. तिच्या जागी २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, भूजल असे शास्त्रीय निर्देशांक आणले. तिच्यातून २०१८ मध्ये १५१ आणि २०२३ मध्ये प्रथम ४० तालुके दुष्काळी ठरले. हे पाऊल पुढचेच होते. परंतु संपूर्ण तालुका हे एकक गृहीत धरण्याची सवय त्यातूनही सुटली नाही, म्हणून २०२३ मध्ये उरलेल्या भागांसाठी महसूल मंडळनिहाय ‘दुष्काळसदृश’ असा वेगळा वर्ग निर्माण करावा लागला. अतिवृष्टीचा निकष असाच आहे : मंडळातील केंद्रावर २४ तासांत ६५ मिलिमीटर. महावेध प्रकल्पातून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सोय झाली. तरीही एका मंडळात दहा-वीस गावे असतात आणि आजचा पाऊस शिवाराच्या एका बाजूला झोडपून दुसरी बाजू कोरडी ठेवतो. केंद्रावर ५८ मिलिमीटर नोंदले गेले आणि तीन किलोमीटरवरच्या शिवारात ९० पडले, तर त्या ९० ला कागदोपत्री अस्तित्व नाही.

पीकविम्याची कथा याहून बोधप्रद आहे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीकविमा योजना सुरू झाली. हंगामाच्या मध्यावर प्रतिकूल परिस्थिती ओढवली आणि अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या निम्म्याहून खाली जाणार असे दिसले, तर २५ टक्के रक्कम आगाऊ देण्याची तरतूद तिच्यात होती. पावसाचा २१ दिवसांचा खंड हा त्यासाठी आपल्याकडे वापरला गेलेला महत्त्वाचा निकष. बेरजेऐवजी दिवस मोजणारी ही जवळजवळ एकमेव तरतूद. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिचाच आधार घेऊन अनेक जिल्हाधिकाऱ्यांनी अग्रिमाच्या अधिसूचना काढल्या. त्याच वर्षी राज्याने एका रुपयात विमा देण्यास प्रारंभ केला. अर्जांचा पूर आला, बोगस अर्जांच्या बातम्याही आल्या. २०२५ च्या खरिपापासून राज्य सरकारने ती सवलत बंद केली आणि शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपासाठी दोन, रब्बीसाठी दीड आणि नगदी पिकांसाठी पाच टक्के झाला. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. फुकटच्या विम्याला कोणी विमा म्हणून वागवत नाही. पण त्याच निर्णयात मध्य हंगामातील प्रतिकूलता, स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान यांवरील भरपाईची कलमेही वगळली गेली आणि सारी भिस्त हंगामाअखेरच्या पीक कापणी प्रयोगावर आली. हवामान जी नवी संकटे आणत आहे, नेमकी त्यांच्यासाठी असलेली कलमे गेली. आणि लगेचच सप्टेंबर २०२५ आला.

उंबरठा उत्पादनाचे गणितही वाचकांनी समजून घ्यावे. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे ७० टक्क्यांनी गुणायचे. या रेषेखाली उत्पादन गेले तर भरपाई. सातांत एक-दोन वर्षे वाईट असत, तोवर ही पद्धत न्याय्य होती, कारण ती वाईट वर्षे गणितातून गळून पडत. सातांत चार वर्षे बिघडू लागली, की वाईट वर्षेच सरासरीत शिरतात आणि रेषा खाली सरकते. शेतकरी जितका वारंवार बुडेल, तितके त्याचे बुडणे ‘सर्वसाधारण’ ठरत जाते. हा कोणाचा डाव नव्हे. स्थिर हवामान गृहीत धरून आखलेल्या सूत्राचा हा स्वाभाविक परिणाम आहे. म्हणूनच त्याची दुरुस्ती घोषणांनी होणारी नाही, सूत्रात हात घालावा लागेल.

उपाय नाहीत असे मुळीच नाही. रुंद वरंबा-सरी पद्धत, जिला गावोगावी ‘बीबीएफ’ म्हणूनच ओळखतात, अतिवृष्टीत सरीतून पाणी काढून देते आणि खंडात वरंब्यात ओल धरते. दोन्ही तोंडांच्या संकटाला ती पुरून उरते. २०१८ पासून पाच हजारांहून अधिक गावांत राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने तिचा बराच प्रसार केला. शेततळ्याचे तसे नाही. तीस मीटर लांब, तीस रुंद आणि तीन खोल असे प्रचलित आकाराचे तळे सुमारे नऊ गुंठे जमीन खाते. दहा एकरांत नऊ गुंठे जाणवत नाहीत. दोन एकरांच्या ऐंशी गुंठ्यांत ते जमिनीच्या नवव्या हिश्शाइतके होतात. अशा तळ्यात वीस लाख लिटरांच्या आसपास पाणी मावते आणि एकराला पन्नास मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात, म्हणजे खंडात पीक वाचवायला ते निश्चित उपयोगी आहे. मात्र अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर लावून ते पावसाऐवजी विहिरीच्या आणि कूपनलिकांच्या पाण्याने भरले गेले. सर्वांच्या पायाखालचे पाणी एकाच्या तळ्यात उघड्यावर ठेवून उन्हाला पाजायचे, याला जलसंधारण म्हणण्याचे धाडस करवत नाही.

हिवरे बाजारने जे केले त्याचे मोल इथे कळते. शेतीसाठी कूपनलिका घ्यायच्या नाहीत, ऊस लावायचा नाही, आणि त्या वर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. बंधारे आणि चर तर अनेक गावांनी केले. पाणी वाटून घेण्याचा नियम थोड्यांनीच केला. वेगळ्या वाटेने मराठवाड्यातील महिलांनीही असाच विचार केला. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांनी घरच्या जमिनीतील एक एकर स्वतःच्या निर्णयाखाली घेतले आणि त्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला अशी अनेक पिके एकत्र घेतली. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तपशिलात गेले तर ती बाजरी-तूर-मटकीचीच जुनी रीत आहे. फरक इतकाच, की निर्णय बाईच्या हाती आहे आणि घरात खायला काय लागते, हे तिला ठाऊक आहे.

पेरणीचा निर्णय मात्र अजूनही एकट्याचाच असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा सल्ला शास्त्राला धरून आहे. तो पाळायचा तर वाट पाहण्याची ऐपत लागते. मूग-उडदाची वेळ जुलैच्या सुरुवातीला निघून जाते, ट्रॅक्टरवाला आज मोकळा असतो, उद्या नसतो, आणि शेजाऱ्याने पेरलेले उगवलेले पाहून घरात बोलणी सुरू होतात. अशा वेळी पुढच्या पंधरा दिवसांचा, आपल्याच परिसरापुरता विश्वासार्ह अंदाज हाती असेल, तर दुबार पेरणीचे हजारो रुपये वाचू शकतात. ज्या २६ मे रोजी पाऊस मुंबईत आला, त्याच दिवशी ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ही सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी, पुण्यातच विकसित झालेली प्रणाली देशाला अर्पण झाली. पण त्याच्या वर्षभर आधी, २०२४ मध्ये, तालुका पातळीवर कृषी हवामान सल्ला देणारी जिल्हा केंद्रे देशभरात बंद करण्यात आली होती. अंदाजाची चौकट बारीक झाली आणि त्याचा अर्थ शेतकऱ्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस गेला. केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘विंड्स’ योजनेत तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक बसवण्याची कल्पना आहे. ते पर्जन्यमापक गावोगावी बसले, तर निदान त्या तीन किलोमीटरवरच्या ९० मिलिमीटरची नोंद तरी होईल. आणि त्याच नोंदवहीतून कोरडे दिवसही मोजता येतील. विम्याच्या सूत्रात ते दिवस पुन्हा घ्यायचे की नाही, हे मुंबईत ठरायचे आहे.